टाचेतल्या रक्ताचा ठिपका आणि कार्डावरचे आईचे नाव

मा. संपादक,
स. न.

नवजात बाळांचा संपूर्ण जनुकसंच तपासण्याच्या संशोधनावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. इंग्लंडमध्ये १ लाख बाळांचे जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे आणि २००हून अधिक दुर्मीळ आजार लक्षणे दिसण्याआधीच शोधण्याचा त्यात प्रयत्न आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. एक गोष्ट मात्र खटकली. एवढ्या मोठ्या लेखात आईचा उल्लेख एकदाच आला, तोही संमतीपत्रावर सही करणारी म्हणून. मी ३१ वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होते. त्यातली शेवटची १४ वर्षे बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन जन्मजात आजारांच्या तपासणीचे कार्ड भरण्याचे काम माझ्याकडे होते. त्या कामातून जे दिसले ते लिहिते आहे. पत्र लांबले आहे, पण जमले तर पूर्ण छापावे.

ते कार्ड बहुतेकांनी नीट पाहिलेले नसते. टीपकागदासारखा जाड कागद, त्यावर छापलेली चार-पाच वर्तुळे आणि शेजारी माहितीच्या ओळी. बाळाला तेव्हा नाव नसते, म्हणून पहिल्या ओळीत 'बेबी ऑफ' लिहून पुढे आईचे नाव घालायचे. मग जन्माची वेळ, वजन, किती आठवड्यांचे, रक्त चढवले आहे का, दूध सुरू झाले का. दुधाचा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. पोटात दूध गेल्याशिवाय काही आजार रक्तात उमटतच नाहीत, म्हणून पहिले २४ तास उलटू द्यायचे आणि शक्यतो ७२ तासांच्या आत नमुना घ्यायचा.

टाच आधी कोमट फडक्याने शेकायची. टोचायचे ते कडेला, मधोमध कधीच नाही, कारण तिथे हाड अगदी जवळ असते. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकायचा. दुसरा आपसूक मोठा होऊ द्यायचा. टाच पिळली की आजूबाजूचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा चुकतो. कागद थेंबाला एकदाच टेकवायचा, रक्त आरपार मागच्या बाजूला उतरले का ते पाहायचे, आणि त्याच वर्तुळात पुन्हा थेंब घ्यायचा नाही. मग कार्ड आडवे ठेवून, उन्हापासून लांब, तीन-चार तास वाळवायचे. टोचताना बाळ आईच्या छातीशी दूध पीत असेल तर कमी रडते. यावर अभ्यास झाले आहेत हे मला नंतर कळले. आधी शिकवले ते एका आईने. तिने बाळ माझ्या हातात दिलेच नाही. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पाय धरा, मी बाळ धरते." त्यानंतर मी प्रत्येक आईला तसेच बसवले.

एका रात्रपाळीला तीन बाळंतपणे एकापाठोपाठ आली आणि एका बाळाचे कार्ड मी पुरते वाळण्याआधीच पाकिटात घातले. प्रयोगशाळेकडून उत्तर आले : नमुना तपासण्यायोग्य नाही, पुन्हा घ्यावा. तोवर बाळ-बाळंतीण घरी गेली होती. कार्डावर फोन नंबर होता तो एका नातेवाइकाचा. त्याने ऐकून घेतले, "सांगतो" म्हणाला आणि ते राहून गेले. मी पुन्हा फोन केला तो आठ दिवसांनी. आई बाळाला घेऊन आली तेव्हा बाळ २३ दिवसांचे झाले होते. थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ काम करत नव्हती. गोळी २७व्या दिवशी सुरू झाली. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी, कारण मेंदूची वाढ थायरॉइडच्या संप्रेरकावर चालते आणि गेलेले दिवस भरून निघत नाहीत. ती मुलगी आज शाळेत जाते, छान बोलते. चालायला उशिरा लागली, गणित तिला जड जाते. त्यातले किती त्या दिवसांमुळे, हे कुणीही सांगू शकणार नाही. माझ्या मनातून ते दिवस गेलेले नाहीत.

तिची आई त्या दिवशी जे बोलली तेही विसरलेले नाही. "बाळ फार शांत होते हो. दुधालासुद्धा उठवावे लागायचे. मला वाटले, गुणाचे आहे." थायरॉइड कमी असलेल्या बाळाचे इतके अचूक वर्णन ती सहज करून गेली. मधल्या २३ दिवसांत तिला ते कुणी विचारलेच नव्हते.

जन्मतः हे आजार डोळ्यांना का दिसत नाहीत, याचे उत्तरही आईपाशीच आहे. आईच्या रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक काही प्रमाणात वारेतून बाळाला मिळते आणि सुरुवातीचा काही काळ त्याला सावरून धरते. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, या आनुवंशिक आजारातही तसेच घडते. प्रथिनांमधल्या फिनाइलअ‍ॅलॅनिन या घटकाचे रूपांतर करणारे विकर या बाळांच्या यकृतात नीट काम करत नाही. पोटात असेपर्यंत ते काम आईचे यकृत करते. नाळ कापली आणि दूध सुरू झाले की तो घटक रक्तात साचू लागतो आणि महिन्या-महिन्याने मेंदूला इजा करतो. या आजाराचा दोषयुक्त जनुक आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो आणि दोघेही स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. हे मी नातेवाइकांना कागदावर चौकोन काढून समजावत असे, कारण वॉर्डात बोट नेहमी एकाच बाजूला दाखवले जाते.

पीकेयूचा शोध एका आईच्या हट्टातून लागला. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुले जन्मली तेव्हा चांगली दिसत होती आणि पुढे मागे पडत गेली. मुलांना एक वेगळाच वास येतो, हे बोर्गनीबाई डॉक्टरांना वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. कुणी मनावर घेतले नाही. अखेर आस्ब्यॉर्न फ्योलिंग या डॉक्टरांनी ऐकून घेतले. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर नेहमीच्या तांबूस रंगाऐवजी हिरवा रंग आला, तेव्हा त्यांनी आणखी नमुने मागवले. आई ते भरून आणत राहिली. त्यातून त्यांनी फिनाइलपायरुविक आम्ल वेगळे काढले, मग संस्थांमध्ये राहणाऱ्या ४३० रुग्णांची लघवी तपासली आणि आणखी ८ जण तसेच सापडले. हे सारे १९३४मध्ये प्रसिद्ध झाले. बोर्गनीबाईंच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा उपचारच नव्हता.

उपचार निघाला तोही एका आईमुळे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. हॉर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या लहान मुलीला पीकेयू असल्याचे शोधले. निदान केल्याचे त्यांना समाधान होते. मुलीची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, माझ्या मुलीसाठी काय करणार? त्या प्रश्नाने बिकेल आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. फिनाइलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेला आहार त्यांनी तयार केला आणि काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, डोके आपटणे थांबले.

पुढचा भाग मात्र मला आजही अस्वस्थ करतो. सुधारणा खरोखर आहाराचीच आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता त्या आहारात फिनाइलअ‍ॅलॅनिन पुन्हा मिसळले. काही तासांतच मुलगी ढासळू लागली. मग आईच्या संमतीने, रुग्णालयात ठेवून, तोच प्रयोग पुन्हा केला आणि १९५३मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रयोगाने जगभरच्या मुलांचे मेंदू वाचले हे मी जाणते. तरी दाराशी रोज उभी राहणारी ती बाई पहिल्या वेळीही "करा" म्हणाली असती, असे मला वाटते. तिला विचारायचे राहिले, हे मी चूकच मानते. त्या काळी तशी पद्धत होती, एवढ्याने माझे समाधान होत नाही.

टाचेच्या ठिपक्याची युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री या संशोधक डॉक्टरांची. त्यांचा स्वतःचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग होता आणि पत्नीच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू असल्याचे ती १५ महिन्यांची झाल्यावर, म्हणजे उशिरा कळले. कागदावर वाळवलेले रक्त जिवाणू वाढवलेल्या तबकडीवर ठेवायचे, आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन जास्त असेल तर जिवाणू भोवती वाढलेले दिसतात, इतकी ती साधी रीत. सुरुवातीच्या चाचणीत २९ राज्यांतल्या ४ लाखांहून अधिक बाळांमधून ३९ बाळे सापडली. पुढे त्याच कागदावर थायरॉइड, सिकलसेल आणि इतर कितीतरी आजार तपासले जाऊ लागले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण मी प्रशिक्षणाला आलेल्या मुलींना नेहमी देई. रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिल्यावर या लहान मुलांमधले न्यूमोकॉकस या जिवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले, हे १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ते औषध रोज दोनदा, वर्षानुवर्षे घरी कोण देते? प्रयोगशाळेचे काम निदानापाशी संपते, आईचे तिथे सुरू होते.

ज्याविषयी सगळ्यात कमी बोलले जाते ते आता सांगते. १९६०च्या दशकात ठिपक्यामुळे पीकेयूच्या इजेतून वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या. मेंदूची वाढ झाली असे समजून त्यांचे पथ्य अनेक ठिकाणी लहानपणीच सोडवले गेले होते. त्या गरोदर राहिल्या तेव्हा त्यांच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलॅनिन भरपूर होते, आणि वार तर ते आईपेक्षा जास्त प्रमाणात बाळाकडे साठवते. १९८०मध्ये रॉजर लेन्की आणि हार्वे लेव्ही या डॉक्टरांनी अशा १५५ स्त्रियांच्या ५२४ गर्भारपणांची माहिती एकत्र केली. ज्यांच्या रक्तात हा घटक दर डेसिलीटरमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्या मुलांपैकी ९२ टक्के मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली होती. यातल्या बहुतेक मुलांना स्वतःला पीकेयू नव्हता. त्यांना इजा झाली होती ती आईच्या पोटात. पुढे १९८४पासून अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने दाखवले की पथ्य गर्भधारणेआधी, निदान पहिल्या ८-१० आठवड्यांत काटेकोर सुरू झाले, तर मुले पुष्कळच चांगली वाढतात. पण ८ आठवड्यांपर्यंत पुष्कळ जणींना आपण गरोदर आहोत हेच कळलेले नसते. म्हणजे हे त्या मुलीला वयात येतानाच, तिच्या समजुतीच्या भाषेत सांगायला हवे, आणि पुन्हा पुन्हा सांगायला हवे. तिच्या पहिल्या तीन दिवसांचा कागद वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळासाठी लागतो. तो तेव्हा कुठे असतो?

जनुकसंचाच्या नव्या प्रकल्पांना माझा विरोध मुळीच नाही. एका तपासणीतून पन्नासऐवजी दोनशे आजार कळणार असतील तर आणखी कितीतरी आयांना फोन जाणार आहेत. तो फोन कुणी करायचा, कोणत्या नंबरवर, पहिल्यांदा लागला नाही तर दुसऱ्या दिवशी कुणी, याचा खर्च आणि माणूस यंत्राच्या खरेदीइतकाच आधी ठरला पाहिजे. कार्डावर आईचा स्वतःचा नंबर हवा आणि आणखी एक हवा. निकाल चांगला असला तरी तो कागदावर तिच्या हातात पडला पाहिजे, कारण 'काही कळवले नाही म्हणजे सगळे ठीक' असे समजून घरोघरी दिवस जातात.

आणि माझी एक जुनी मागणी आहे. मी ती दोनदा लेखी दिली होती, उत्तर आले नाही. कार्डावर जन्मवेळ आणि वजनाच्या खाली एक ओळ कोरी ठेवावी : 'बाळाबद्दल आईला काही वेगळे जाणवते का?' त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी हा प्रश्न डिस्चार्जच्या वेळी आणि नंतर आठव्या दिवशी फोन करून विचारू लागले, आणि उत्तरे माझ्या वहीत लिहू लागले. नावे लिहिली नाहीत, फक्त तारखा. बहुतेक ओळींत 'काही नाही' आहे. मधूनच 'फार झोपते', 'दूध ओढताना घामाघूम होते', 'रडणे बसके वाटते' असेही आहे, आणि अशा प्रत्येक ओळीपुढे मी बाळाला डॉक्टरांकडे परत बोलावल्याची खूण आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे. नव्या प्रकल्पासाठी कार्डाचा नमुना ठरवणाऱ्या कुणाला ती पाहावीशी वाटली, तर आपल्यामार्फत कळवावे. मी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका