पाटण रोडवरच्या, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या वायरमन काकांना, मनापासून थँक्यू

नमस्कार काका,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत बसत नाही हे तुम्हीच सांगितलेलं, पण दुकानातला तुमचा पोरगा सगळं बघत असतो, तो वाचून दाखवेल म्हणून इथे लिहितोय. आणि ज्यांची गाडी अशीच छळतेय त्यांनाही कामाला येईल.

त्या दिवशी आम्ही गुहागरहून कराडला निघालेलो, आईची डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, कुंभार्ली घाट चढून आलो, पाटणच्या अलीकडे चहाला थांबलो आणि परत चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, फिरेचना. वरून पाऊस, आई मागच्या सीटवर. तसा त्रास जुनाच, कधी एका सेलमध्ये गाडी चालू व्हायची, कधी चावी फिरवून फिरवून हात दुखायचा, इंजिन गरम असलं की जास्तच. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने बॅटरी नवीन बसवून दिली, थोडे दिवस बरं गेलं, मग परत तेच, तर म्हणाला आता अख्खा स्टार्टरच बदला.

तुम्ही मात्र पान्याला हात लावायच्या आधी हेडलाइट लावायला सांगितलीत आणि मला सेल मारायला लावून स्वतः समोरच्या भिंतीवरचा उजेड बघत उभे राहिलात. लाइट फारशी मंद झाली नाही. तिथेच म्हणालात, बॅटरी उतरलेली असती तर लाइट एकदम बसली असती, बॅटरीत दम आहे, पण करंट एक तर सेल्फपर्यंत जात नाहीये किंवा परत येत नाहीये. मग मीटर लावला, बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. त्यानंतर मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला टेकवून परत सेल मारायला सांगितलात आणि मला खाली उतरवून, पोराला चावीवर बसवून आकडा दाखवलात, 4 व्होल्टच्या आसपास! तिथे फार तर 0.2-0.3 दिसायला पाहिजे हे पण सांगितलंत.

काका, तुम्ही जे समजावलंत ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं त्यामुळे बॉडीशी त्याचा नीट संबंध फक्त त्या एका अर्थिंगच्या पट्टीने (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी), सेल्फ इंजिनला बोल्टने धरलेला म्हणून त्याचा सगळा करंट त्या पट्टीतूनच परत जाणार, आणि सेल्फ खेचतो 100 अँपियरच्या वर. लाइट, हॉर्न यांची अर्थिंग बॉडीला, म्हणून ते सगळं झकास चालतं आणि माणूस चकतो. आमच्या गॅरेजवाल्याने तीच पट्टी मीटरचा बीप (वायर जोडलेली असली की वाजतो तो) वाजवून 'ओके' केली होती. तुम्ही हिशोब मांडून दाखवलात, 0.04 ओहमचा अडथळा असला तरी 100 अँपियरला 4 व्होल्ट तिथेच खलास, आणि एवढ्याशा अडथळ्याला बीप वाजतोच. म्हणजे चेक करायचं ते सेल मारताना, लोडवर. हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि ती क्लचची केबल! तुम्ही माझा हात धरून तिच्यावर ठेवलात, चांगली गरम लागत होती, कारण पट्टी नीट काम करेना म्हणून करंट मिळेल त्या वाटेने परत जात होता. ते बघून मी खरंच गप्प झालो.

मग तुमची जम्परची केबल मायनसपासून डायरेक्ट इंजिनच्या बोल्टला धरलीत आणि गाडी पहिल्या सेलला चालू. आईने मागून टाळ्या वाजवल्या. जुनी पट्टी काढली तेव्हा लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, आत तांब्याचा हिरवा चुरा, वरून बघून काही कळलंच नसतं, समुद्राकडच्या गाड्यांना हे होतंच म्हणालात, खारी हवा. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासलीत, जाड केबलला नवीन लग दाबून बसवलात, वर ग्रीस. मीटर परत लावला तर 0.1. चार्जिंगही बघितलंत, 14.1 व्होल्ट, तेव्हा कुठे बॉनेट खाली केलंत.

पैसे घेतलेत फक्त केबलचे आणि थोडी मजुरी. मी जास्त द्यायला लागलो तर तुम्ही नोटा परत खिशात कोंबल्यात. तुम्हाला स्टार्टर सहज खपवता आला असता, मी घेतलाही असता, भर पावसात आई गाडीत असताना कोण घासाघीस करतंय! तुम्ही आधी दुखणं शोधलंत आणि मला ते डोळ्यांनी बघू दिलंत, याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

अपॉइंटमेंटला वेळेत पोचलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आई आता पेपर वाचते. दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्यासाठी परत त्याच रस्त्याने यायचंय, तिने तुमच्यासाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ आत्तापासून बाजूला काढून ठेवलंय. दुकानात असा म्हणजे झालं, आणि काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
गुहागरचा गाडीवाला