गोष्ट घेण्याआधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आदिवासींच्या पुराणकथांवर आणि इतिहासावर ॲनिमेशनपट निघू लागले, याचा मनापासून आनंद आहे. पण या माध्यमातली एक मेख फारशी बोलली जात नाही. कॅमेऱ्यासमोर एखादी आजी बसली, की तिच्या हनुवटीवरचे गोंदण आपसूक चित्रात येते; दिग्दर्शकाला त्याचा अर्थ ठाऊक असो वा नसो. ॲनिमेशनमध्ये आपसूक काहीच येत नाही. सेकंदाला २४ चौकटी, आणि त्यांतली प्रत्येक रेघ कोणीतरी ठरवून ओढलेली. माहिती संपते तिथे चित्रकार मनचे भरतो. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या गोंदणात त्या माणसाची वंशावळ असते. छान दिसते म्हणून ती नक्षी भलत्याच गालावर काढणे म्हणजे एकाचे कूळ दुसऱ्याला चिकटवणे.

‘मोआना’ या ॲनिमेशनपटासाठी डिस्नेने पॅसिफिक बेटांवरच्या जाणकारांचा सल्ला घेतला होता. तरीही २०१६ मध्ये त्यातल्या माउई या अंगभर गोंदलेल्या पात्राचा पोशाख मुलांसाठी बाजारात आला: कातडीसारखे तपकिरी कापड, त्यावर गोंदण. दुसऱ्याची कातडी अंगात चढवायची! लोक संतापले आणि कंपनीने तो मागे घेतला. पटकथेपुरते विचारून भागत नाही, ते असे. पुढे २०१९ मध्ये ‘फ्रोझन २’च्या वेळी याच कंपनीने, ज्यांच्या संस्कृतीचा आधार घेतला त्या उत्तर युरोपातल्या सामी आदिवासींच्या संसदांशी लेखी करार केला, चित्रपट उत्तर सामी भाषेतही आला. मला ही वाट योग्य वाटते.

कायदा इथे तोकडा आहे. कॉपीराइट लेखकाला मिळतो, तोही मुदतीपुरता. तोंडोतोंडी चालत आलेल्या कथेला एकच लेखक कुठून आणायचा? संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याचे ३१ वे कलम या वारशावर आदिवासींचा हक्क सांगते, पण ते बंधनकारक नाही. तेव्हा लेखी संमतीची अट चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्यांनीच घालावी, आणि पटकथेआधी घालावी. संमती मागायची तर नकाराचीही तयारी हवी. अमेरिकेतले नवाहो लोक कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. अशी कथा बारमाही पडद्यावर आणू नका, असे ते म्हणाले, तर ती सोडून द्यावी.

आणि कथा सांगणाऱ्या आजी-आजोबांची नावे ‘विशेष आभारा’त नकोत. ती लेखकांच्या ओळीत हवीत, मानधनासह. पहिला खेळही त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच भाषेत व्हावा.

आपली,
एक वाचक