पन्नास हजार डॉलरचं कोडं सोडवून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

चीनमधून ब्रिटनला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी चेंगदूमध्ये बसून तुम्ही जे टिपण तयार केलंत, ते आमच्या मदत कक्षाच्या टेबलावर आता कायम उघडं असतं. इथे बसणाऱ्यांत आम्ही बरीच मराठी मंडळी, म्हणून आभार मराठीत आणि चारचौघांत मानतो आहोत. चिनी भाषांतर वेगळं पाठवलंच आहे. नुसतं "फार मदत झाली" म्हणून भागणार नाही. नेमकी कशाची झाली ते लिहिलं, तर पुढे बसणाऱ्यांनाही उपयोग होईल.

पहिला मान कोट्याच्या उलगड्याला. चिनी नागरिकाला वर्षाला 50,000 डॉलरइतकं परकीय चलन फारशा कागदपत्रांविना विकत घेता येतं आणि हे वर्ष 1 जानेवारीला सुरू होतं. भारतातली मर्यादा 2,50,000 डॉलरची आणि वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे फीच्या तारखा आणि कोट्याचं वर्ष यांचा मेळ घालायला हवा, हे आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. तुम्ही एकच उदाहरण पैशापैशापर्यंत मांडलंत. लंडनबाहेर एक वर्षाचं मास्टर्स, फी 27,000 पौंड. राहण्या-खाण्यासाठी व्हिसाच्या नियमाने (नोव्हेंबर 2025 पासूनचा दर) महिना 1,171 पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे 10,539. बेरीज 37,539. पौंडाला 1.30 डॉलर भाव धरला, तर 50,000 डॉलरचे साधारण 38,460 पौंड होतात. म्हणजे एका माणसाचा कोटा जवळपास इथेच संपला, आणि तिकीट, गादी-पांघरूण, हिवाळ्याचे कपडे अजून यादीत आलेलेही नाहीत.

शिवाय 10,539 हा व्हिसापुरता आकडा आहे, वर्षाचा खर्च नव्हे. वसतिगृहाच्या खोलीचा करार बहुतेक वेळा 51 आठवड्यांचा असतो. आठवड्याला 170 पौंड धरले तरी नुसतं भाडं 8,670. उरलेल्या 1,869 पौंडांत वर्षभर जेवायचं कसं, हा तुमचा प्रश्न आम्ही आता प्रत्येक पालकाला विचारतो. आरोग्य अधिभाराचंही, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतल्या जाणाऱ्या रकमेचंही तसंच. दर वर्षाला 776 पौंड, पण वर्षभराच्या कोर्सला व्हिसा पुढे चार महिने जास्तीचा मिळतो आणि त्या वरच्या महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाचे पैसे लागतात, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पौंड आणि तेही अर्ज करतानाच भरावे लागतात. मुलांच्या तक्त्यात या रकान्यात हटकून 776 लिहिलेले सापडतात.

कोटा अपुरा पडला की घाबरून काका-मामा-शेजारी यांना कामाला लावायचं नाही, हे तुम्ही लाल अक्षरांत लिहिलंत ते फार बरं केलंत. पाच किंवा जास्त जणांनी एकाच किंवा लागोपाठच्या दिवशी चलन घेऊन परदेशातल्या एकाच व्यक्तीला पाठवलं, की ते तुकडे पाडून पाठवणं समजलं जातं. नाव देखरेखीच्या यादीत गेलं तर ते वर्ष आणि पुढची दोन वर्षं कागदपत्रांविना चलन घेण्याची सवलत बंद. तीन वर्षांच्या पदवीला आलेल्या मुलाच्या घरी हे घडलं, तर फी भरायची कशी? सरळ वाटा दोन. प्रवेशपत्र, फीचं बिल आणि पासपोर्ट-व्हिसा घेऊन बँकेत गेलं, की खऱ्या फीसाठी कोट्याच्या वरचं चलनही मिळतं. दुसरी वाट तारखांची. अनेक विद्यापीठं निम्मी फी नोंदणीच्या वेळी आणि निम्मी जानेवारीत घेतात, आणि जानेवारीत कोटाही नवा झालेला असतो. आई-वडिलांपैकी एकाने आपल्या नावावर चलन घेऊन मुलाला पाठवायलाही हरकत नाही. अर्जात कारण मात्र "स्वखर्चाने परदेशी शिक्षण" हेच निवडायचं.

वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर कुणीतरी "युआन द्या, पौंड घ्या" म्हणतं, तो सरळ सरळ हवाला. भाव चांगला दिसतो कारण पौंड कुठून आले ते कुणी सांगत नाही. 2019 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने 95 बँक खाती गोठवली, त्यातली बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांची होती. हे वाक्य आम्ही छापून भिंतीवर लावलं आहे.

पैसे पाठवण्याची बारीक कलमं तर तुमच्याखेरीज कुणीच सांगितली नव्हती. बँकेच्या अ‍ॅपमध्ये चलन घेताना "नोटा" आणि "खात्यातलं चलन" असे दोन पर्याय येतात. नोटांवर बोट पडलं, की ती रक्कम परदेशी पाठवताना वर रूपांतराचं शुल्क लागू शकतं. पाठवणीचा सगळा खर्च आपल्याकडे घेतला नाही, तर मधली बँक आपला वाटा कापते, फी पंधरा-वीस पौंडांनी कमी पोहोचते आणि नोंदणीच्या दिवशी खात्यावर थकबाकी दिसते. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक नसेल, तर पैसे येऊनही कुणाचे ते कळत नाही.

ठेवीच्या दाखल्याची गोष्ट आमच्याही डोक्यात नव्हती. चिनी अर्जदाराला पैशाचा पुरावा व्हिसाच्या अर्जासोबत जोडावा लागत नाही, भारतीयाला लागतो. त्यामुळे चिनी मुलं गाफील राहतात. पुरावा मागितला गेलाच, तर पैसे सलग 28 दिवस खात्यात असायला हवेत आणि कागद अर्जाच्या तारखेपासून मागच्या 31 दिवसांतला हवा. चिनी बँक असा दाखला देताना त्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत रक्कम गोठवते. ती तारीख सप्टेंबरअखेर ठेवली, तर ऑगस्टमध्ये फीसाठी तोच पैसा हलत नाही. आई-वडिलांच्या खात्यावर पैसे असतील, तर जन्माचा दाखला आणि त्यांचं संमतिपत्र इंग्रजी भाषांतरासह आधीच तयार हवं.

अर्जाच्या कागदांबद्दल थोडक्यात, कारण तिथे आता आमचा हात बसला आहे. चिनी विद्यापीठ पदवी आणि पदविकेच्या नव्हे, तर पदवी आणि शिक्षणपूर्तीच्या अशा दोन वेगळ्या पुस्तिका देतं. दोन्ही लागतात. एकच पाठवली की सशर्त प्रवेश सशर्तच राहतो. गुणपत्रकावर लाल शिक्का हवा. आडनावात ठिपक्यांचा यू (ü) असेल, जसं Lü, तर पासपोर्टवर "एल-वाय-यू" असतं आणि जुन्या बँकखात्यावर "एल-व्ही". दोन्ही माणसं एकच आहेत हे सांगणारं पत्र सोबत नसलं, की फी परत जाते. संवेदनशील तांत्रिक विषय असेल, तर तो शिकण्यासाठी ब्रिटन सरकारकडून घ्याव्या लागणाऱ्या मंजुरीच्या प्रमाणपत्राला किमान 30 कामाचे दिवस लागतात. इथे मात्र चिनी आणि भारतीय एकाच रांगेत.

आणखी एक विनंती. शिक्षण संपवून परत गेल्यावर चीनमध्ये पदवी प्रमाणित करून घेण्यासाठी प्रवेश-निर्गमनाच्या नोंदी, मूळ पदवी वगैरे काय काय जपून ठेवायचं, याचं एक पान टिपणाला जोडाल का? जानेवारी 2023 मध्ये ऑनलाइन शिकून मिळवलेली पदवीही प्रमाणित करून देण्याची कोविडकाळातली सवलत बंद झाल्यापासून मुलं याबद्दल वारंवार विचारतात. जुलैच्या आत मिळालं, तर सप्टेंबरच्या तुकडीच्या हातात देता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मदत कक्षातली मराठी मंडळी