खलाशाला खलाशी म्हणा

'मासेमारी बंदी उठली, तरी परप्रांतीय मजूर न परतल्याने ट्रॉलर नांगरलेलेच' ही बातमी वाचली. माहिती बरोबर, शब्द मात्र खटकला. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत ओडिशा, झारखंडकडची माणसे गावी जातात. ती परतेपर्यंत मालीम, कुटबणच्या जेटीवर बरेच ट्रॉलर हलत नाहीत. ज्यांच्यावाचून धंदा अडतो, ते नुसते 'मजूर' कसे? रात्रभर जाळे ओढून पहाटे मासळी निवडून बर्फात लावणारा तो खलाशी, सुकाणू धरणारा तांडेल. शब्द आपल्याकडे पूर्वापार आहेत.

मी काही वर्षे एका ट्रॉलरचा हिशेब लिहीत असे. वहीत तांडेलाचे नाव-गाव असायचे आणि खाली 'ओडिशावाले ४'. (अक्षर माझेच!) हंगाम संपताना उचल नेमकी कोणी घेतली यावरून वाद पेटला, तेव्हा कुठे चौघांची नावे वहीत चढली.

जेटीवर 'भायले' (बाहेरचे) हा शब्द रोज कानी पडतो, तो काही पत्राने थांबणार नाही. पुढच्या ऑगस्टच्या मथळ्यात मात्र 'खलाशी' छापावे, ही विनंती.

— एक वाचक, बेती (बारदेश)