घोळ जड शब्दांचा नाही, सोप्या शब्दांचा आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

छंद म्हणून बोर्डगेम खेळणाऱ्यांची बोली नवख्याला परकी वाटते, ही तक्रार जुनी आहे. ‘युरो’, ‘वर्कर प्लेसमेंट’, ‘डेक-बिल्डिंग’, ‘एटीन-एक्सएक्स’ असे शब्द कानावर पडले की नवा भिडू बिचकतो. मग कुणीतरी सुचवतो की ही लेबले टाकून द्या, साध्या शब्दांत बोला. आमचा अनुभव उलटा आहे. टेबलावर रुसवेफुगवे होतात ते न कळलेल्या शब्दामुळे क्वचित. दोघांनाही कळला आहे असे वाटणाऱ्या शब्दामुळे बहुतेक वेळा.

‘एटीन-एक्सएक्स’ घ्या. फ्रान्सिस ट्रेशम यांच्या १९७४ च्या ‘१८२९’ या खेळापासून सुरू झालेले हे कुळ. जाणकाराला एवढ्या नावावरून सगळे उमगते: रेल्वे कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि विकायचे, कंपनीची तिजोरी वेगळी आणि आपला खिसा वेगळा, जुनी इंजिने ठरावीक टप्प्याला भंगारात जाणार, आणि हाताशी कित्येक तास हवेत. इतरांना काहीच कळत नाही, म्हणून ते विचारतात आणि प्रश्न मिटतो. ‘को-ऑप’ म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायचे, हे मात्र कुणालाही चटकन कळते. त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही.

फसगत तिथेच होते. मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’मध्ये (२००८) पुढची चाल काय असावी यावर सगळ्यांनी मोकळी चर्चा करायची असते. परिणाम असा, की सर्वांत अनुभवी भिडू हळूहळू चौघांच्याही पाळ्या खेळू लागतो आणि बाकीचे फक्त सोंगट्या सरकवतात. ‘हनाबी’त (२०१०) नेमके उलट: आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात. आठ निळ्या टोकनांपैकी एक खर्चून रंग किंवा आकडा सांगायचा, बस्स. ‘पँडेमिक’च्या सवयीने कुणी “अरे, तो नको” म्हणाला की डावाची मजाच गेली. ‘ग्लूमहेवन’मध्ये (२०१७) बोलता येते, पण आपल्या पत्त्यावरचा क्रमाचा नेमका आकडा सांगता येत नाही, शिवाय प्रत्येकाचे एक गुप्त लक्ष्य असते. ‘डेड ऑफ विंटर’मध्ये (२०१४) सोबत्यांपैकी एखादा फितूरही निघू शकतो. चारही को-ऑप म्हणूनच ओळखले जातात. ‘मिळून खेळू’ एवढ्या निरोपावर आलेला माणूस यातल्या कोणत्या डावाची तयारी करून आला आहे, हे तो बसल्यावरच कळते. लेबल जरूर वापरा, पण त्याच दमात तीन गोष्टी सांगा: बोलण्यावर बंधन आहे का, गुप्त लक्ष्ये आहेत का, फितूर असू शकतो का.

‘वर्कर प्लेसमेंट’चा त्रास वेगळ्या जातीचा आहे. तो नवख्यांना होत नाही, मुरलेल्यांना होतो. ‘केलस’ (२००५) आणि ‘अ‍ॅग्रिकोला’ (२००७) यांनी लोकप्रिय केलेला हा साचा: पटावरच्या जागेवर आपले प्यादे ठेवायचे आणि तिथले काम करून घ्यायचे. नियम सांगणारा म्हणतो, “वर्कर प्लेसमेंटच आहे, तुला माहीतच आहे,” आणि पुढे सरकतो. पण भरलेल्या जागेचे काय करायचे, हे प्रत्येक खेळात निराळे असते, आणि सगळा ताण तर त्यावरच उभा असतो. ‘अ‍ॅग्रिकोला’त एका जागी एकच माणूस, कुणी आधी बसला की ती फेरी गेली. ‘स्टोन एज’मध्ये (२००८) लाकूड, विटा, दगड आणि सोने यांच्या जागी सात-सात प्यादी मावतात, शिकारीला मर्यादाच नाही, पण गावातले शेत आणि अवजारांची जागा एकेकालाच. ‘व्हिटिकल्चर’मध्ये (२०१३) प्रत्येकाला एक मोठे प्यादे मिळते, ते भरलेल्या जागीही बसते. ‘त्झोल्किन’मध्ये (२०१२) तर एका पाळीत प्यादी ठेवायची किंवा उचलायची, दोन्ही नाही, आणि काम होते ते उचलताना. ‘अ‍ॅग्रिकोला’ कोळून प्यायलेला माणूस इथे पहिल्या दोन पाळ्यांत सगळी प्यादी ठेवून मोकळा होतो आणि मग हातात काही पडेना म्हणून नियम तपासू लागतो. दोष त्याचा नाही. लेबलाने नियमाची जागा घेतली, तिथेच चुकले.

‘डेक-बिल्डिंग’ची गंमत लवकर आटोपता येईल. ‘डॉमिनियन’मध्ये (२००८) सगळ्यांची सुरुवात सारख्याच दहा पत्त्यांनी होते आणि गड्डी खेळता खेळता वाढते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ (१९९३) खेळणारा साठ पत्त्यांची गड्डी घरून जुळवून आणतो. “गड्डी बनवायचा खेळ” असे साधे भाषांतर केले की दोन्ही एक होतात. इथे जडच शब्द बरा.

सर्वांत निसरडे शब्द म्हणजे ‘हलका’, ‘कौटुंबिक’, ‘गेटवे’ (म्हणजे नवख्याला या छंदात आणणारा खेळ). वर्षातल्या खेळासाठी दिल्या जाणाऱ्या जर्मनीच्या श्पील देस यारेस पुरस्काराच्या परीक्षकांनी २०११ पासून अनुभवी खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. पेटीवर छापलेले लाल प्याद्याचे चिन्ह मुख्य पुरस्काराचे, काळपट राखाडी प्यादे अनुभवींचे, निळे मुलांचे. हे लेबल कामाचे आहे, पण ते सांगते एवढेच की नियम किती सहज शिकता येतील. खेळ किती बोचरा आहे, हे त्यात नाही. ‘अझूल’ला २०१८ मध्ये लाल प्यादे मिळाले. दिसायला देखणा, नियम दहा मिनिटांत समजतात. पण दोघांत खेळताना समोरच्याला नको असलेल्या फरशा त्याच्या गळ्यात मारता येतात. मावल्या नाहीत की त्या खालच्या ओळीत जातात, आणि ती ओळ पुरी भरली की १४ गुण वजा. शांत, सुंदर खेळ म्हणून बसलेल्याला हे अंगावर येते. ‘कटान’चेही (१९९५) तसेच. हमखास ‘गेटवे’ म्हणून सुचवला जातो, पण पहिल्या दोन वसाहती पटावरच्या २ आणि १२ या आकड्यांच्या शेजारी मांडल्या तर दोन फाशांत त्यांपैकी एकेक आकडा पडून माल मिळण्याची शक्यता ३६ पैकी एक, ६ किंवा ८ ला मात्र पाच. नवख्याला हे सांगायचे राहून गेले, तर तो तासभर फासे टाकून दुसऱ्यांना धान्य मिळताना बघतो. यावर उपाय नियमपुस्तकातच आहे: पहिल्या डावासाठी ठरवून दिलेली मांडणी. अनुभवी मंडळी ती वापरायला कमीपणा का मानतात, कोण जाणे.

खेळ किती अवघड ते सांगणारा ‘वजन’ हा शब्द आम्ही शक्यतो टाळतो. नियमांची संख्या, डावाची लांबी आणि विचारांची खोली या तीन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या जातात. ‘गो’चे नियम पाच मिनिटांचे, खोली आयुष्यभराची, आता याचे वजन किती म्हणायचे?

पात्र होऊन कथा खेळणाऱ्या रोलप्लेइंगवाल्यांत हाच प्रकार माणसांच्या बाबतीत घडला. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली ‘गेमिस्ट’ (आव्हान पेलून जिंकण्याकडे कल), ‘नॅरेटिव्हिस्ट’ (कथेकडे कल), ‘सिम्युलेशनिस्ट’ (कल्पित जग खरे वाटण्याकडे कल) ही नावे खेळताना घेतल्या जाणाऱ्या निर्णयांसाठी होती. पुढे ती माणसांना चिकटली: “तू गेमिस्ट, तुला कथेतले काय कळणार?” एकाच संध्याकाळी तोच माणूस लढाईत आकडेमोड करतो आणि पुढच्या प्रसंगात जीव ओतून बोलतो. पहिल्या बैठकीत या नावांऐवजी विचारावे: पात्र फाशांमुळे मरू शकते का? सूत्रधार फासे उघड टाकणार की आडोशाला? पुढे कुठे जायचे ते भिडू ठरवणार की कथा आधीच बांधलेली आहे?

बोलावणे धाडताना लेबलापाठोपाठ शिकवण्यासह लागणारा वेळ लिहावा (नवखे असतील तर पेटीवरच्या वेळेत निम्मी भर घाला), मध्येच कुणी बाद होतो का आणि दुसऱ्याचे उभारलेले मोडता येते का, हेही लिहावे. ‘लेगसी’ असेल तर पत्ते फाटणार, पटावर स्टिकर चिकटणार आणि तीच मंडळी पुन्हा पुन्हा लागणार, हे आधीच सांगावे. ‘पँडेमिक लेगसी’चा पहिला भाग १२ ते २४ डावांचा आहे. शिकवताना आधी डाव कसा संपतो आणि कोण जिंकतो ते सांगा, मग एक पाळी, आणि लगेच ‘तुम्ही खेळलेल्यांपेक्षा इथे हे वेगळे’. हा शेवटचा भाग चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणात ठेवला तर सर्वांत उत्तम. ‘कार्कासोन’च्या पेटीत अशी चिठ्ठी एका ओळीची पुरते: शेतात आडवे ठेवलेले प्यादे डाव संपेपर्यंत परत मिळत नाही.

कळावे,
आपले,
काही बोर्डगेमप्रेमी वाचक