फोटो चढवले, आता नावं राहिलीत

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल परत आज्जीच्या पलंगाखालची ट्रंक काढली आणि दुपारभर दोघं बसलो की फोटो बघत. तू गूगल फोटोजवर आल्बम करून दिलायस त्यात आतापर्यंत ऐंशी चढवलेत मी, पण बाळा नुसते चढवून काय उपयोग, खाली नावं नसली तर तुझ्या पोरांना कोण सांगणार हे कोण म्हणून. आज्जीला फोटो दाखवून "हे कोण" विचारलं की गप्प बसते, पण "हे लग्न कुणाचं गं" म्हटलं की सगळा मांडव उभा करते, कोण रुसलं, कुणाची साडी कुणी नेसलीय, सगळं. म्हणून आता फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवूनच बसतोय.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या आज्जांचे धाकटे भाऊ, मिलिटरीच्या ड्रेसमधला तो फोटो, आठवतोय? घरात एवढंच माहीत होतं की मराठा रेजिमेंटमधनं लढाईला गेले ते परत आले नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट आहे, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या जवानांची नावं त्यात फुकट शोधता येतात. तीन रात्री बसलो, काही मिळेना. नंतर लक्षात आलं, मी बेळगावी लिहून शोधत होतो, ते नाव २०१४ सालचं, जुन्या कागदात बेलगाम, आणि १९५६ पर्यंत आपण मुंबईकडंच होतो की! रेजिमेंटच्या नावात पण मराठा लिहिताना मधे एक जास्तीचा एच घालायचे इंग्रज. आडनाव चार प्रकारांनी टाकून बघितलं आणि चौथ्याला सापडले. वडलांचं नाव बरोबर, गाव आपलंच. इटलीत सांग्रो नदीजवळ स्मारक आहे, १९४३ च्या हिवाळ्यात तिथं मोठी लढाई झाली होती, तिथं नाव कोरलंय त्यांचं.

आज्जीला वाचून दाखवलं तर तिनं एकच विचारलं, "अग्नी दिला काय रे त्याला?" तिच्या आजेसासूबाई, म्हणजे त्या जवानाची आई, मरेपर्यंत हेच विचारत होत्या म्हणे, माझ्या पोराला अग्नी तरी मिळाला असेल काय. मी सांगितलं, होय आई, ज्या हिंदुस्थानी जवानांना तिथं अग्नी दिला त्यांच्यासाठीच आहे ते स्मारक. ती उठून देवासमोर जाऊन बसली. मला पुढं बोलवेना.

त्यामुळं आता हे काम अर्धवट सोडायचं नाही बघ. तो फोटो काचेला चिकटलाय, ओढून काढू नको म्हणून दादालाही बजावलंय, काचेसकटच स्कॅन करायचा, फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात. फोटोची मागची बाजू पण स्कॅन कर, तिथंच तारखा असतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारीक होऊन चेहरे फिसकटतात. आणि आल्बमची लिंक मोठ्या ग्रुपवर टाकू नकोस, लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं दिसतं, त्यात बाळंतिणींचे फोटो आहेत, बारकी पोरं आहेत.

मोडीतले दोन कागद पण निघालेत, बहुतेक जमिनीचे. आजचा उतारा कन्नडमध्ये, ते मोडीत, मधलं सगळं इंग्रजीत, एका घराचा इतिहास वाचायला तीन लिप्या लागायल्यात. मोडी वाचणारा कुणी भेटला तर बघ.

दिवाळीला येताना चार दिवस जास्तीची रजा टाक. आज्जीच्या माहेरचा एक फोटो आहे, सात जणींचा, त्यातल्या चौघी तिला आठवतात, बाकीच्या तिघींसाठी खानापूरच्या मावशीआज्जीकडं जायला पाहिजे. तिला आता कमी दिसतं, तुझ्या टॅबवर फोटो मोठा करून दाखवूया.

तुझा,
बाबा