कूलंटची टाकी उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या प्रदूषणाचा विषय निघाला की सगळ्यांना धुराडी आठवतात. धातू कापून भाग घडवणाऱ्या लेथ-मिलिंगच्या वर्कशॉपला धुराडे नसते, त्यामुळे आपण त्यातले नाही, असे आमच्या धंद्यातल्या अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. फार तर छतावर सौर पॅनेल बसवण्यापर्यंत विचार जातो. पॅनेल जरूर बसवावेत, पण त्याआधी मशीनखालची कूलंटची, म्हणजे कापताना धातू आणि टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी उघडून बघावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाण्यात मिसळायचे कूलंट साधारण 90 ते 95 टक्के पाणीच असते. उरलेल्या तेलाचे थेंब इतके बारीक झालेले असतात की ते आपोआप वर येऊन तरंगत नाहीत. हे दुधट पाणी गटारात सोडले की ते तेलासकट थेट नदीनाल्यात जाते. तेल वेगळे काढायचे तर रसायन घालून मिश्रण फोडावे लागते, नाहीतर बारीक गाळणी किंवा बाष्पीभवनाचा संच लागतो. लहान वर्कशॉपला हे झेपत नाही. म्हणून कूलंट जितके जास्त टिकेल तितके बरे.

ते नासते कशाने? स्लाइडवेचे (मशीनचे भाग ज्यावरून सरकतात त्या पट्ट्यांचे) आणि हायड्रॉलिकचे तेल ठिबकत टाकीत उतरते आणि वर साय धरते. खाली हवा पोचत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात. सुट्टीनंतर मशीन चालू केल्यावर सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो, तो त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. पुढे जॉबवर, म्हणजे घडवत असलेल्या भागावर, गंज चढतो, ऑपरेटरच्या हातांवर पुरळ उठते आणि शेवटी अख्खी टाकी उपसावी लागते. वरची साय काढणारा एक साधा ऑइल स्किमर बसवला आणि रिफ्रॅक्टोमीटरने तेलाचे प्रमाण नियमित तपासले, तर टाकी बदलण्याची वेळ पुष्कळ लांबते. पीएच 9 च्या आसपास असावा, तो 8.5 च्या खाली घसरू लागला की जिवाणू वाढताहेत असे समजावे. उष्णतेने फक्त पाणी उडते, तेल मागे राहते. त्यामुळे पातळी उतरलेली टाकी भरताना नेहमीपेक्षा पातळ मिश्रण घालावे. आणि मिश्रण करताना नेहमी पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजे.

दुसरी गळती दाबाखालच्या हवेची, ती डोळ्यांना दिसत नाही. ही हवा भरणाऱ्या कंप्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के ऊर्जा हवेच्या रूपाने प्रत्यक्ष कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. एवढी महाग हवा आपण एअर गनने टेबल झाडायला वापरतो! जिथे ब्रशने भागते तिथे ब्रशच वापरावा. गळती मोजणेही सोपे आहे. सगळी मशीन बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू करावा. तो 2 मिनिटे हवा भरतोय आणि 6 मिनिटे थांबतोय असे दिसले, तर क्षमतेच्या 25 टक्के हवा नुसती गळतेय. साबणाचे पाणी लावून जोड शोधावेत. दाबही गरजेपुरताच ठेवावा. 1 बार कमी केला तर कंप्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी वाचते.

कापताना निघणाऱ्या धातूच्या चिप्स धातूनुसार वेगळ्या ठेवाव्यात, हे सगळे ऐकून असतात, करतात थोडे. खनिजापासून अॅल्युमिनियम बनवण्यापेक्षा भंगार वितळवायला सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते. पण त्यात पोलादाची चिप्स मिसळली की त्या मालाचा दर्जा उतरतो. बोथट कार्बाइड इन्सर्टही (टूलची बदलता येणारी कापणारी टोके) जपून ठेवावेत, त्यातले टंगस्टन आणि कोबाल्ट परत मिळवता येते.

कूलंटचे फवारे बंद करून तासाला काही मिलिलिटर तेलाचे तुषार वापरण्याची पद्धत आता रुळते आहे. बिडाचे बरेचसे काम तर कोरडेच होते. मात्र खोल ड्रिलिंगला किंवा टायटॅनियमला ही पद्धत सरसकट लावू नये, आणि तुषार ओढून घेणारा पंखा नसेल तर ते तेल कामगारांच्या फुप्फुसात जाते. क्लोरीनयुक्त कटिंग तेलांबाबतही सावध राहिले पाहिजे. त्यांतल्या शॉर्ट-चेन क्लोरिनेटेड पॅराफिन्सचा 2017 मध्ये घातक, सहज न विघटणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत समावेश झाला. खरेदीआधी पुरवठादाराकडून घटकांचा कागद मागून घ्यावा.

काही गोष्टी मात्र वर्कशॉपच्या हातात नाहीत. मोठे ग्राहक आमच्याकडे पर्यावरणाचे अहवाल मागतात आणि फोर्जिंग (ठोकून आकार दिलेले कच्चे तुकडे) पाठवतात गरजेपेक्षा कितीतरी जाड. तो जादा धातू कापून काढण्यात वीज, टूल आणि कूलंट सगळेच खर्ची पडते. त्यांनी अहवालाच्या जोडीने ड्रॉइंगमधला मशीनिंगचा अलाउन्सही, म्हणजे कापून काढण्यासाठी ठेवलेली जादा जाडी, तपासावा. आणि शेजारशेजारच्या लहान वर्कशॉपनी खराब कूलंट एकत्र साठवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे एकाच टँकरने पाठवावे. एकट्याच्या एका पिंपासाठी वाहन यायला तयार नसते, आणि ते पिंप मग रात्री गटारात रिकामे होते.

आपला,
मशीन शॉप चालवणारा एक वाचक